पंधरा टक्के कोणाचे?

समन्स आलं तेव्हा सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पाकिटावर कूक काउंटीच्या कोर्टाचं नाव वाचून त्यांनी ते टेबलावर उपडं ठेवलं आणि मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "काय गं, काही झालंय का?"

काही झालं नव्हतं. इथलं नागरिकत्व घेतलं की कधी ना कधी ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या साध्या नागरिकांच्या मंडळाचं, बोलावणं येतं, तेवढंच. मी तर मनातून खूश होते. ऑफिसला एक दिवस बुट्टी, शिकागो डाउनटाउनची चक्कर आणि दुपारचं जेवण बाहेर. नवरा म्हणाला, "दुपारी घरी पाठवतात, बघ." मला आठ दिवस लागले.

शॉमबर्गहून मेट्राची लोकल पकडायची, युनियन स्टेशनला उतरायचं आणि थंडीत मान खाली घालून डेली सेंटरपर्यंत चालायचं. पिकासोचं ते पन्नास फुटी पोलादी शिल्प ज्या चौकात उभं आहे, तीच ही इमारत. वाटेत बेन्सनविलला मालगाड्यांचं मोठं यार्ड लागतं. इतकी वर्षं त्या डब्यांकडे बघून मी फक्त 'आता आपली गाडी थांबते की काय' एवढाच विचार केलेला. त्या डब्यांवर चढणारी माणसं असतात, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

निवडीच्या वेळी प्रत्येकाला विचारत होते, घरात कोणी रेल्वेत आहे का? मी म्हटलं, आजोबा होते, पण भारतात. दोन्हीकडचे वकील एकमेकांकडे बघून हसले आणि मला ठेवून घेतलं. बहुधा माझी कोणालाच भीती वाटली नसावी.

खटला एका स्विचमनने त्याच्या रेल्वे कंपनीवर भरलेला होता. यार्डात गाड्या तोडायच्या, म्हणजे डबे सुटे करायचे, पुन्हा जोडायच्या, सांधे बदलायचे, उभ्या डब्यांचे हँडब्रेक लावायचे किंवा सोडायचे, हे त्याचं काम. मालडब्याच्या टोकाला परातीएवढं एक उभं चाक असतं. ते फिरवलं की साखळी आवळली जाते आणि ब्रेक लागतो. एका रात्री असंच एक चाक फिरवताना ते मध्येच अडलं, त्याने जोर लावला आणि उजवा खांदा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या तरी हात खांद्याच्या वर जात नव्हता. कोटाची बटणं तो डाव्या हाताने लावायचा, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि मग आठही दिवस माझं लक्ष तिथेच जात राहिलं.

त्याच्या वकिलांनी तसंच एक चाक स्टँडवर बसवून कोर्टात आणून ठेवलं होतं. माझ्यापासून चार फुटांवर. ते फिरवून बघायला माझे हात नुसते शिवशिवत होते. हात लावायचा नाही, अशी जजबाईंची ताकीद होती. गूगल करायचं नाही, घरी बोलायचं नाही, ही ताकीद तर रोज संध्याकाळी मिळायची.

आता मला पडलेला प्रश्न तुम्हालाही पडेल. कामावर माणूस जखमी झाला तर भरपाई द्यायची, यात खटला कशाला? आमच्या ऑफिसातली एक बाई पॅन्ट्रीत ओल्या फरशीवर घसरून पडली होती. चूक कोणाची, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. दवाखान्याचा खर्च मिळाला आणि घरी होती तोवर पगाराचे दोन तृतीयांश मिळत राहिले. इलिनॉयमधल्या बहुतेक कामगारांना हाच नियम. पण अमेरिकेत रेल्वेवाले यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी 1908 सालचा वेगळा केंद्रीय कायदा आहे, फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी अ‍ॅक्ट. सगळे त्याला 'फीला' म्हणतात. (इथे मालगाड्या चालवणाऱ्या मोठ्या रेल्वे कंपन्या खासगी आहेत, हे आपल्याकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं.) फीलात भरपाई आपोआप मिळत नाही. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तो झाला तर मात्र बुडालेला पगार, पुढची बुडणारी कमाई, आणि नुसत्या वेदनेचेही पैसे मागता येतात. आमच्या घसरलेल्या बाईला वेदनेचा एक सेंटही मिळाला नव्हता.

यामागचा इतिहास मी नंतर वाचला, पण इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

1842 साली मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात फारवेल नावाच्या एका इंजिन ड्रायव्हरचा खटला निकाली निघाला. सांधेवाल्याच्या चुकीमुळे गाडी रुळांवरून उतरली आणि याचा हात गेला. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ म्हणाले, चूक सोबतच्या कामगाराची आहे, कंपनीची नाही. आणि धोक्याचं काम म्हणून तर तुला पगार जास्त मिळतो. तो पगार होता रोजचे दोन डॉलर! पुढे कित्येक दशकं कंपन्या या निकालाच्या आडोशाला राहिल्या. शिवाय कामगाराची स्वतःची जराशी चूक दिसली तरी सगळा दावा बाद. धोका माहीत असून काम केलंस, मग तो तुझा तू पत्करलास, हेही होतंच.

त्या काळी डबे जोडायला दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून हाताने कडी धरायची आणि वरून खीळ घालायची. बोटं तुटलेला माणूस दिसला की हा जुना ब्रेकमन, म्हणजे डबे जोडणारा आणि ब्रेक लावणारा, हे ओळखू यायचं. 1889 मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, सांगितलं, की वर्षभरात दोन हजारांहून जास्त रेल्वे कामगार मेले आणि वीस हजारांहून जास्त जखमी झाले. 1893 मध्ये सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्ट आला: आपोआप जुळणारी कपलिंग आणि गाडीला एअर ब्रेक हवेतच. डब्यांना धड चालणारे हँडब्रेक हवेत, ही अट पुढे त्यातच आली. भरपाईचा कायदा 1906 मध्ये झाला, तो सुप्रीम कोर्टाने 1908 च्या जानेवारीत रद्द केला आणि एप्रिलमध्ये थिओडोर रूझवेल्टनी सुधारलेल्या कायद्यावर सही केली. त्याने 'सोबतच्या कामगाराची चूक' ही पळवाट बंद केली. 'धोका तू पत्करलास' ही मात्र 1939 पर्यंत पुरती बुजली नाही. आणि कामगाराची चूक असेल तर दावा बाद न होता, चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी व्हायला लागली.

हे 'प्रमाण' ठरवायचं कोणी? आम्ही बारा जणांनी. त्यात एक शाळेची बस चालवणारा, एक दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, दोन निवृत्त, आणि मी, जिने आयुष्यात कधी पाना धरलेला नाही.

कंपनीच्या वकिलांचा हुकमाचा एक्का म्हणजे एक ध्वनिमुद्रण. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी कंपनीचा क्लेम एजंट, म्हणजे भरपाईचे दावे हाताळणारा माणूस, दवाखान्यात त्याला भेटायला गेला होता. आवाज अगदी मायेचा. काय झालं, कसं झालं, घरी कळवलंय ना. आणि हा गुंगीत म्हणतोय, "चाक जड होतं... पण मीही जरा घाईत होतो. पाय नीट रोवला नव्हता." कोर्टात एवढंच वाक्य तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने डोळे मिटून घेतले. युनियनवाले का सांगतात, की अपघाताचा कागद भरा, पण रेकॉर्डिंग वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नका, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या माणसाने तो ब्रेक तपासून 'दोष नाही' असं लिहिलं होतं. पण अपघात झाला त्याच रात्री सोबतच्या कामगारानेही तेच चाक फिरवून पाहिलं होतं. तो साक्षीला आला, धिप्पाड गडी, टाय कोणाचा तरी मागून बांधल्यासारखा. म्हणाला, "मी दोन्ही हातांनी, नियमाप्रमाणे उभं राहून फिरवलं. नाही हललं." उलटतपासणीत वकिलाने त्याला बरंच घोळवलं. त्याने तेच वाक्य परत म्हटलं, शब्द न बदलता.

मग दोन्हीकडचे अर्थतज्ज्ञ. रेल्वे कामगाराला तीस वर्षं नोकरी भरली की साठाव्या वर्षी पूर्ण पेन्शन मिळते, त्यामुळे 'याने साठाव्या वर्षापर्यंत किती कमावलं असतं' यावरून आकडेमोड. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नऊपट होता आणि दोघांच्या स्लाइड तितक्याच सुबक. इतके दिवस हा माणूस घर कशावर चालवतोय, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. नंतर कळलं, रेल्वेवाल्यांना वेगळ्या रेल्वे रिटायरमेंट बोर्डाकडून आजारपणाचा भत्ता मिळतो, तोही भरपाई मिळाली की त्यातून परत कापून घेतात. आणि ज्युरीसमोर या असल्या भत्त्या-पेन्शनीचा विषय काढायचा नाही, असा सुप्रीम कोर्टाचा 1963 चा निकाल आहे. नाहीतर आम्ही म्हटलं असतं, मिळतंय ना काहीतरी!

जजबाईंनी शेवटी कायदा वाचून दाखवला. त्यातला एक शब्दप्रयोग माझ्या वहीत दोनदा अधोरेखित आहे: इजा 'पूर्णतः किंवा अंशतः' कंपनीमुळे झाली का. अंशतः म्हणजे किती? घरी येऊन वाचलं, की 1957 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका रूळ-मजुराच्या खटल्यात सांगितलं, अगदी थोडासा वाटा असला तरी पुरे. तो बिचारा रुळांकडेचं गवत जाळत होता, येणाऱ्या गाडीच्या वाऱ्याने आग भडकली, आणि मागे सरताना तो पडला. 2011 मध्ये मॅकब्राइड नावाच्या इंजिन ड्रायव्हरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तेच कायम झालं. त्याला ज्युरीने 2,75,000 डॉलर ठरवले, पण एक तृतीयांश चूक त्याची म्हणून तेवढे कापले.

आमच्या खोलीत गेल्या गेल्या बसवाल्याने फळ्यावर आडवी रेघ मारली. डावीकडे कंपनी, उजवीकडे 'तो'. किती टक्के? कोणी म्हणालं चाळीस, तो स्वतःच म्हणाला ना घाईत होतो. रिसेप्शनिस्ट म्हणाली शून्य. दोन निवृत्तांपैकी एकजण बोलला, "घाई कोणी लावली? दोन माणसांत एवढी गाडी कोणी तोडायला सांगितली?" मी वीस म्हटलं. का वीस, हे मला अजूनही सांगता येणार नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करतात तसं तोंडातून निघालं. दोन तास भांडून, कॉफीचे दोन थर्मास संपवून, आम्ही पंधरावर आलो. बसवाल्याने 15 भोवती गोल केला.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई, आठ दिवसांत 'गुड मॉर्निंग'पलीकडे न बोललेली, चष्मा पुसत म्हणाली, "मी निकालाचा हा फॉर्म पहिल्यापासून वाचतेय. पहिला प्रश्न ब्रेकचा आहे."

खरंच होता. ब्रेक नीट काम करत नव्हता का? त्यामुळे पूर्णतः किंवा अंशतः इजा झाली का? दोन्हींना 'हो' असेल तर टक्क्यांचा प्रश्न सोडून द्या. सेफ्टी अप्लायन्सचा कायदा मोडला गेला असेल तर कंपनीने किती काळजी घेतली होती, हे बघत नाहीत आणि कामगाराच्या चुकीपायी एक पैसा कापत नाहीत. दोष सापडायलाच हवा असंही नाही. नीट वापरूनही चाललं नाही, तर तेवढं पुरतं. आणि ते तर त्या टायवाल्याने दोनदा सांगितलं होतं.

बाराही जणांनी 'हो' म्हणायला वीस मिनिटं लागली. रक्कम ठरवायला पूर्ण दुसरा दिवस. ती इथे लिहीत नाही; दोन तज्ज्ञांच्या मध्येच कुठेतरी होती, तुमच्या तर्काइतकीच. वेदनेच्या ओळीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ अडलो, कारण तिथे कुठलीच स्लाइड नव्हती. फळा पुसायचं काम माझ्याकडे आलं. पंधराचा गोल काही केल्या पूर्ण निघेना.

निकाल वाचल्यावर जजबाईंनी आमचे आभार मानले आणि बंधनं उठवली. वकील बोलायला थांबले होते. त्यांच्याकडून दोन गोष्टी कळल्या: असा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि इजा कळवली म्हणून कामगाराला छळलं, तर त्यासाठी वेगळा कायदा आहे, पण त्याची तक्रार 180 दिवसांत हवी. वकिलांची फी निकालात मिळालेल्या रकमेतूनच जाते, हे मात्र त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं.

मी म्हटलं, ते चाक फिरवून बघू का?

"बघा की," ते म्हणाले.

मी दोन्ही हात लावले, पाय रोवले, आणि जोर लावला. चाक गरागरा फिरलं आणि मी पडता पडता वाचले. ते नुसतं दाखवायचं होतं, कोरं करकरीत, आत साखळीच नव्हती.