कुटुंबकथांची जुळवाजुळव : ध्वनिफिती, पाठभेद आणि ‘पुराची पेटी’

गेल्या काही महिन्यांत कामाचा सगळा भर जुन्या कॅसेटींवर होता. घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज ज्या फितींवर आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे अंकीकरण, म्हणजे आवाज संगणकाच्या फाईलमध्ये उतरवणे, आता पूर्ण झाले आहे. ज्या मागे राहिल्या त्या 120 मिनिटांच्या आहेत आणि त्यांना हात लावण्याची घाई मी जाणूनबुजून केलेली नाही. लेखनात मात्र एकच कथा पुढे सरकली. आमच्या घरात तिला ‘पुराची पेटी’ म्हणतात आणि शाळकरी वयात आजीच्या तोंडून ऐकून वहीत उतरवलेली माझी पहिली कथाही तीच. कुटुंबकथा लिहिण्याचा नाद तेव्हा जो लागला तो आजतागायत सुटलेला नाही. पूर्वी मला नुसती कथा पुरत असे. आता ती कुणी, कुणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितली हेही कळल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी फितींविषयी लिहिते, कारण या कथेला जे वळण लागले ते तिथेच लागले. 60 मिनिटांच्या कॅसेटमधली फीत सुमारे 18 मायक्रॉन जाडीची असते, 90 मिनिटांची सुमारे 12 आणि 120 मिनिटांची जेमतेम 9. फीत जितकी पातळ तितकी ती ताणली जाण्याची, यंत्रात गुरफटण्याची भीती जास्त; शिवाय वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या पातळ फितीत एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो, आणि मग बोलणे सुरू होण्याच्या क्षणभर आधी त्याच बोलण्याची अंधूक चाहूल ऐकू येते. काही कॅसेटींमधली फितीला मागून दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी गळून पडली होती. ज्यांची कवचे स्क्रूने जोडलेली होती त्या सहज उघडल्या. ज्यांची कवचे चिकटवलेली होती त्या सांध्यावर पातळ पाते फिरवून उघडाव्या लागल्या, आणि दोन्ही प्रकारांत फीत नव्या कवचात हलवली. हे काम नाजूक असले तरी अवघड नाही. हात स्वच्छ व कोरडे हवेत आणि दोन्ही चाके टेबलावर सपाट ठेवूनच उचलावीत, एवढे पाळले की पुरते.

यापेक्षा महत्त्वाची आणि बहुतेक जण वगळतात अशी गोष्ट म्हणजे वाचकशीर्षाचा, म्हणजे फितीला टेकून तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या यंत्राच्या भागाचा, कोन. घरगुती रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण होताना त्या यंत्राचे शीर्ष ज्या कोनात बसलेले होते, त्याच कोनात वाजवणाऱ्या यंत्राचे शीर्ष आले नाही तर उंच पट्टीतले ध्वनी मार खातात. स, श, च यांसारखी व्यंजने बोथट होतात आणि माणूस तोंडावर पदर धरून बोलत असावा असे वाटते. शीर्षाच्या बाजूचा बारीक स्क्रू केसभर फिरवत, कानाला हेडफोन लावून, सर्वांत स्पष्ट उच्चार जिथे मिळतो तिथे थांबायचे, आणि हे प्रत्येक फितीसाठी नव्याने करायचे. अंकीकरणानंतर कोणतेही सॉफ्टवेअर ही हरवलेली धार परत आणू शकत नाही, म्हणून सगळी मेहनत फीत वाजवतानाच घ्यावी लागते. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे किमान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, प्रत्येक नमुना 24 बिटांचा) ही पातळी सांगतात. मी ती पाळते. एका वाहिनीच्या तासाभराला सुमारे 520 एमबी लागतात आणि आजच्या साठवणीच्या मानाने ती अडचण उरलेली नाही. मूळ फाईल वेव्ह स्वरूपात जशीच्या तशी ठेवायची आणि खरखर कमी केलेली, वेग सुधारलेली प्रत वेगळी काढायची, हा नियम मी कुठेही मोडत नाही. बॅटरी उतरत आलेली असताना केलेले मुद्रण आज चढ्या आवाजात आणि घाईघाईने वाजते. ते सुधारलेच पाहिजे, पण कोणत्या अंदाजाने सुधारले हे शेजारी लिहून ठेवले पाहिजे.

कोन जुळवल्यावर ‘पुराची पेटी’ असलेल्या फितीत आजीच्या आवाजामागे आणखी एक आवाज निघाला. कथेचा सर्वज्ञात भाग असा: पूर चढला, पाणी उंबऱ्याच्या आत आले, तेव्हा पणजोबांनी, म्हणजे अण्णांनी, माळ्यावरची शिसवी पेटी डोक्यावर घेतली आणि छातीभर पाण्यातून ती पलीकडे नेली, पेटीत जमिनीचे कागद होते म्हणून जमीन राहिली. आजी हे सांगत असताना ‘डोक्यावर घेतली’ या शब्दांपाशी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आजोबांचा आवाज येतो, “अण्णा तेव्हा घरी कुठे होते?” आजी क्षणभर थांबते, मग माझ्याकडे वळून म्हणते, “ह्यांचं काय ऐकतेस, तू लिही.” आणि कथा होती तशी पुढे चालू होते. इतकी वर्षे त्या जागी मला नुसती घुसमटलेली खुसफुस ऐकू येत असे.

आजोबांच्या त्या एका वाक्यामुळे पेटी कुणी उचलली हा प्रश्न नव्याने उभा राहिला. पेटीत काय होते याबद्दल तर आधीपासूनच एकमत नव्हते. आत्याच्या मते कागद नव्हतेच, पणजीचे दागिने होते, आणि ते पुढे मुलांच्या शिक्षणासाठी मोडले गेले. ‘मुलांच्या’ हा शब्द आत्या ज्या ठसक्याने उच्चारते तो टिपणात कसा उतरवावा हे मला अजून साधलेले नाही. धाकटे काका सांगतात की पेटी साफ रिकामी होती आणि ती वाचवली ती केवळ चार लोकांनी पाहावी म्हणून, कारण ज्याच्या घरातून पेटी निघते त्याला पुढे उसनवार मिळते. शिक्षण थांबवावे लागलेल्या आत्याला पेटीत दागिने दिसतात. ओढगस्तीच्या दिवसांत घराची पत सांभाळलेल्या काकांना ती रिकामी दिसते, आणि जमीन कसून घरातल्यांना जगवलेल्या आजीला तिच्यात सातबाऱ्याच्या मोलाचे कागद दिसतात. यांतले खरे कोणते हे ठरवण्याची मला घाई नाही. प्रत्येक रूपात सांगणाऱ्याचे आयुष्य कुठे मिसळले आहे ते दिसू लागले, की ती कथा माझ्या दृष्टीने दुप्पट मोलाची होते.

या बाबतीत इटालियन मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचे एक उदाहरण आपल्या छंदाच्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. तेर्नी या पोलादनगरीतला लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे मुलाखती घेताना मात्र अनेक कामगार हा मृत्यू 1953 मधल्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात घडल्याचे सांगत. पोर्तेल्ली यांनी त्या सांगणाऱ्यांना चुकीचे ठरवून विषय संपवला नाही. ज्या लढ्याने त्या माणसांचे आयुष्य खरोखर उलटेपालटे केले त्याच्याशी स्मृतीने तो मृत्यू नेऊन जोडला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. तारखेची शहानिशा केली म्हणूनच हे सरकणे दिसले, हेही विसरता कामा नये. कागदपत्रे तपासण्याचा कंटाळा करून ‘प्रत्येकाचे आपापले सत्य’ म्हणत मोकळे होणाऱ्यांशी माझे जमत नाही.

म्हणून कथा लिहिण्याची रीत आता ठरवून टाकली आहे आणि तिचा नमुना आपल्याकडेच तयार आहे. महाभारताची चिकित्सित आवृत्ती 1919 ते 1966 या काळात सिद्ध झाली, आणि तिच्यात वर स्वीकारलेली संहिता व खाली तळटीपांमध्ये निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद अशी मांडणी आहे. घरगुती कथेला संहिता ठरवण्याची गरजही नाही. मी ज्या रूपाचे ध्वनिमुद्रण सर्वांत जुने ते वर घेते, बाकीची रूपे सांगणाऱ्याच्या नात्यासह खाली देते, आणि प्रत्येकाने ही कथा कुणाकडून ऐकली ते कंसात नोंदवते. माझी शाळकरी वहीसुद्धा एक पाठभेद म्हणूनच धरली आहे; त्या वहीत पेटीबरोबर एक मांजरही पुरातून वाचते, आणि ते मांजर दुसऱ्या कुणाच्याही सांगण्यात नाही. सर्व रूपे कालवून एकच गुळगुळीत कथा करण्याचा मोह लेखक म्हणून होतोच, आणि ललित लेखन करायचे असेल तर तो खुशाल पुरवावा. पण ती कथा संग्रहात ठेवताना तिच्यावर माझे नाव असावे, आजीचे नसावे.

मुलाखतींच्या बाबतीत या खेपेस एक गोष्ट फार उपयोगी पडली. वयस्क माणसांना साधारण दहा ते तीस वर्षांच्या दरम्यानच्या आठवणी अधिक दाटपणे येतात, असे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार आढळले आहे. त्यामुळे ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असा ऐसपैस प्रश्न सोडून मी थेट त्या वयातल्या जागांबद्दल विचारते. सालाबद्दल विचारले की माणूस चाचपडतो; घराचा नकाशा काढायला सांगितला की बोलू लागतो. काकांपुढे कोरा कागद ठेवला तेव्हा त्यांनी माळा चुलीच्या वर दाखवला, आत्याने तोच माळा दाराशेजारी काढला, आणि दाराशेजारचा माळा असेल तर पेटी काढायला उंच पुरुषाची गरज नव्हती, हे आत्या स्वतःच रेघ ओढता ओढता बोलून गेली. ते नकाशे आता ध्वनिमुद्रणाच्या जोडीला ठेवले आहेत.

पिढ्यांच्या साखळीतली मधली पोकळीही ठळक दिसू लागली आहे. बेल्जियन इतिहासकार जान व्हान्सिना यांनी मौखिक परंपरांबद्दल असे नोंदवले की अलीकडच्या काळाची माहिती भरपूर असते, मूळ पुरुषाची कथाही थाटात सांगितली जाते, पण या दोहोंच्या मधल्या काळाबद्दल फारसे काही हाती लागत नाही; पिढ्या पुढे सरकतात तशी ही पोकळीही पुढे सरकते. आमच्याकडे पणजोबांच्या आधी एकदम ‘मूळ पुरुष’ येतो. त्यामुळे आज जे शेवटचे साक्षीदार आहेत त्यांना विचारण्याचे काम लेखनाच्या आधी घेतले आहे. लेखन थांबू शकते.

कागदाच्या कामात सांगण्यासारखे थोडेच आहे. एकोणिसाव्या शतकापासून कागदाला तुरटी आणि राळेचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लाने कागद आतून तुटत जातो, त्यामुळे शंभर वर्षांची वही तिच्याहून कितीतरी जुन्या चिंध्यांच्या कागदापेक्षा अधिक ठिसूळ असू शकते. अशी पत्रे घडी उलगडून, आम्लविरहित कागदात घालून ठेवली. छायाचित्रे पीव्हीसीच्या आणि चिकट पानांच्या अल्बममधून काढून पॉलिस्टरच्या पाकिटांत हलवली, आणि मागे नावे लिहिली ती मऊ पेन्सिलीने. चिकटपट्टी कुठेही लावलेली नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी लावणार नाही.

संगणकावरच्या जुन्या मराठी मजकुराची गोष्ट मात्र निराळी निघाली. युनिकोड म्हणजे निरनिराळ्या लिपींतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी संगणकी पद्धत; तिची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली व तिच्यात देवनागरी होती. तरीही पुढे बरीच वर्षे आपण असे फॉन्ट वापरत राहिलो, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की आजीची कथा म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. रूपांतरक चालवून ती युनिकोडमध्ये आणली, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागले. दीर्घकाळ ठेवायच्या प्रती साध्या मजकूर-फाईलमध्ये आणि फॉन्ट आत सामावून घेणाऱ्या पीडीएफ-ए स्वरूपात केल्या. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत घराबाहेर हा सर्वांना ठाऊक असलेला नियम पाळलाच आहे; त्यात प्रत्येक फाईलची एसएचए-256 बेरीज, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, जोडली; त्यामुळे प्रत करताना एक बिट जरी बदलला तरी कळते.

एक प्रश्न तंत्राबाहेरचा आहे. आत्याचे दागिन्यांचे म्हणणे काकांनी अद्याप ऐकलेले नाही, आणि ते ऐकून त्यांना काय वाटेल याचा मला अंदाज आहे. आत्याला विचारले तेव्हा तिने सांगितले की मुद्रण ठेव, पण मी असेपर्यंत वाचून दाखवू नकोस. तिची अट फाईलच्या नोंदीतच लिहिली आहे आणि तिथली सर्व नावे-नाती बदलूनच मी हे टिपण केले आहे.

आता पणजीच्या माहेरची एक वृद्ध मावशी शोधून तिला माळ्याबद्दल विचारायचे आहे. जमिनीचे कागद कोणत्या सालचे आहेत तेही पाहायचे आहे, कारण ते पुरानंतरच्या तारखेचे निघाले तर आजीचे रूप वेगळ्या प्रकाशात वाचावे लागेल. त्यासोबत त्या 120 मिनिटांच्या फिती आहेत. त्या एकदाच वाजतील या हिशेबाने, आधी पूर्ण पुढे-मागे गुंडाळून ताण समान करावा की गुंडाळणेच टाळून थेट मुद्रण सुरू करावे, याबद्दल माझे मत अजून डळमळते आहे. ज्यांनी अशा फिती हाताळल्या आहेत त्यांनी यांपैकी काय केले आणि फितीने कुठे दगा दिला, ते यंत्राच्या तपशिलासह कळवले तर सुरुवात करता येईल.