आधी एक पावसाळा डोंगरात काढा

पाणलोट आणि दरडींवर पीएचडी करायचीय म्हणून मुलं भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम कॉम्प्युटर मॉडेल कुठलं वापरू? मी म्हणते मॉडेलचं नंतर बघू, आधी एक अख्खा पावसाळा डोंगरात काढ.

कारण पुण्यात बसून घाटमाथा कळत नाही. ताम्हिणी घाटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्यात जेमतेम सातशे, अंतर बघाल तर गाडीने दोन तासांचं. उतारावर खाली बेसॉल्टचा कातळ, वर मुरूम आणि माती, दिवसेंदिवस संततधार लागली की पाणी मुरत मुरत त्या थरात साठतं, मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि उतार निघतो. ३० जुलै २०१४ ला माळीण असंच गेलं, दीडशेहून जास्त माणसं. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी.

आम्ही उतारात पाइप पुरतो, त्यात टेप सोडून पाण्याची पातळी मोजतो. आंबेगावकडे एका वाडीत मी टेप वर ओढत होते तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाई, झऱ्याचं पाणी कालपासनं गढूळ येतंय, ते ल्हिवलं का?" झरा अचानक गढूळ होणं म्हणजे आतली माती वाहतेय, फार मोठी खूण आहे ही, आणि ती आमच्या फॉर्ममध्ये नव्हतीच. तेव्हापासून झऱ्याचा रंग, जमिनीतल्या भेगा, कललेली झाडं हे सगळं आम्ही गावकऱ्यांना विचारून रोज लिहितो.

पुणे शहरातही तेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा सहकारनगर, अरण्येश्वरमध्ये घुसला. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी, मग कात्रजच्या डोंगरावर दोन-तीन तासांत शंभर मिलिमीटर पडला तर काय होईल ते तुम्हीच करा गणित, आणि त्यात ओढ्याचं पात्र भिंती घालून अरुंद केलेलं. धरणातून मुठेत किती क्युसेक सोडले ते मोबाईलवर कळतं, ओढ्यांवर मात्र मोजणी जवळपास नाहीच.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो प्रोजेक्ट संपला की मोजणी थांबते याचा. पेपर छापून येतो, आपोआप नोंदी ठेवणाऱ्या डेटा लॉगरची बॅटरी संपते आणि पुढच्या वर्षी पाऊस पडतोच ना! ज्यांना खरंच यायचंय त्यांनी मे महिन्यातच सांगा, पाइप पाऊस सुरू व्हायच्या आत पुरायचेत.