माथेरान डायरी: घोडा, मुलं आणि फ्लॅश

माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे सगळं सामान पाठीवर. माझं किट त्यानेच आटोपशीर झालंय: एक स्पीडलाइट (बॅटरीवरचा छोटा फ्लॅश), त्याचा उजेड मऊ करणारा ६० सेंटिमीटरचा कापडी सॉफ्टबॉक्स, हलका स्टँड आणि कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा ट्रिगर. मॉडेल म्हणजे तिथल्याच घोडेवाल्यांची मुलं आणि त्यांच्या घरचे घोडे.

घोडा फ्लॅशच्या चमकेला बुजतो असं आपण धरून चालतो. मला मात्र वेगळंच दिसतंय. चमक क्षणात संपते. घोडा बुजतो तो सॉफ्टबॉक्स फटकन उघडला की, व्हेल्क्रो ओढल्याच्या आवाजाला, वाऱ्यावर डुलणाऱ्या स्टँडला. म्हणून घोडा यायच्या आधीच लाइट लावून होतो, स्टँडच्या पायावर दगडांची पिशवी आणि फ्लॅशचा बीप बंद. मग घोडेवाले काका घोड्याला सावकाश स्टँडपाशी आणतात, हुंगू देतात. त्यानंतर लांबून, सगळ्यात कमी पॉवरवर, मूल जवळपास नसताना दोन-चार फ्लॅश. आधी कान टवकारतो, एकटक बघतो, मग मान सैल सोडतो. तसं झालं तरच मुलाला बोलवायचं. कान मागे चिकटले, शेपूट झाडायला लागला, की त्या दिवशी फ्लॅश बॅगेत.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळपास चौफेर दिसतं. कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. मागून रिम लाइट, म्हणजे कडा उजळणारा उजेड, द्यायचा मोह मी म्हणूनच सोडलाय. लाइट खांद्याच्या रेषेत, त्याला दिसेल असा, तीन मीटरवर. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर नकोच: डोळ्याच्या पडद्यामागचा चकाकणारा थर उजेड परत फेकतो आणि डोळे हिरवट-निळे पेटल्यासारखे दिसतात.

मूल घोड्याच्या खांद्यापाशी उभं, पाय टापांपासून दूर, डोक्यावर हेल्मेट. मुलाने दोर हाताला गुंडाळायचा नाही. दोर काकांच्याच हातात आणि काका मुलाच्याच बाजूला. घोडा बिथरला तर ते तोंड स्वतःकडे ओढतात, मागचा भाग आपोआप पलीकडे फिरतो. काका फ्रेमच्या कडेला येतात, कधी दोरही येतो. नंतर एडिटमध्ये काढायला दहा मिनिटं जातात, पण सुरक्षिततेपुढे त्यांचं काय मोल?

आता उजेडाचं. झाडांखाली हिरवट सावली असते आणि हेल्मेटच्या पुढच्या कडेने डोळे काळे पडतात. त्यासाठी सॉफ्टबॉक्स मुलाच्या डोळ्यांपेक्षा थोडाच वर ठेवला. आयएसओ ४००, एफ/४, शटर १/२००, फ्लॅशची पॉवर १/८. चेहरा उजळला आणि मागची लाल माती तशीच राहिली. पांढऱ्या घोड्याची मान मात्र फोटोत जळत होती, म्हणजे नुसतीच पांढरीफटक दिसत होती. मग सॉफ्टबॉक्स मुलाच्या पुढच्या बाजूला वळवला, मानेवर फक्त कडेचा उजेड पडू दिला, आणि आयाळीचा एकेक केस दिसायला लागला! ती फ्रेम मला मनापासून आवडली आहे.

पुढे दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, तिथल्या घोडेबाजारात जायचंय. तिथले नुकरा जातीचे घोडे पांढरेशुभ्र, संध्याकाळच्या उन्हात बघण्यासारखे. फ्लॅश मात्र नेणार नाही. गर्दीत बुजलेल्या घोड्याला मागे सरायला जागा नसते, आणि मुलं तर पायापायांत असतात.