जवसाचा डच घाणा

क्रूझच्या कागदावर ‘ॲम्स्टरडॅम’ छापलंय म्हणून जहाज ॲम्स्टरडॅमलाच लागेल, असं नाही. ते जवळच्या आयमाउडन बंदरात थांबू शकतं, रॉटरडॅमलाही. सहलीची बस टाळून नेदरलँड्समधल्या पवनचक्क्या आपल्या आपण बघायच्या, तर आधी धक्का कुठला ते वाचावं. रॉटरडॅम असेल तर वॉटरबसने, म्हणजे प्रवासी बोटीने, किंडरडाइक गाव. तिथे १९ चक्क्या, बहुतेक १७३८ ते १७४० मधल्या, पाणी उपसायला बांधलेल्या. ॲम्स्टरडॅम असेल तर झान्से स्खान्स, झान नदीकाठची जुन्या चक्क्यांची वस्ती. फोटोसाठी किंडरडाइक सरस. पण आपला जीव झान्से स्खान्समध्येच रमतो, कारण तिथल्या चक्क्या लाकूड कापतात, रंग दळतात, तेल गाळतात.

ॲम्स्टरडॅम शहरातल्या धक्क्यावरून सेंट्रल स्टेशन पंधरा मिनिटं चालत. तिथून उइटखेस्टकडे जाणारी स्प्रिंटर, म्हणजे जागोजागी थांबणारी लोकल, घ्यायची आणि झानडाइक झान्से स्खान्सला उतरायचं. आल्कमारची जलद इंटरसिटी घाईघाईने पकडली की ती झानडमला थांबते आणि पुढे आपलं स्टेशन गाळून निघून जाते. काँटॅक्टलेस बँक कार्ड फाटकाला टेकवलं की तिकीट झालं, मात्र एका कार्डावर एकच माणूस, आणि बाहेर पडतानाही तेच कार्ड. एका कार्डावर भागवू पाहणारी जोडपी फाटकापाशीच अडतात. पुढे पुन्हा पंधरा मिनिटं पायी, आणि वाटेत झान नदीवरचा पूल. बोट आली की तो उघडतो आणि आपण ताटकळतो. परतीच्या हिशेबात ही मिनिटं धरावीतच.

सगळ्या चक्क्या उरकायचा हव्यास नको. एकीच्या आत नीट जावं, आणि त्याआधी बाहेर उभं राहून पाती बघावीत. वारा बेताचा आणि पात्यांच्या जाळीवरचं कापड गुंडाळलेलं असेल, तर चक्की बहुधा नुसती फिरतेय, आत काम चालू नाही. काम करायचं तर चक्कीवाला एकेक पातं खाली आणून थांबवतो, शिडीवर चढावं तसा त्यावर चढतो आणि कापड सोडतो. वाऱ्याने दिशा बदलली की मागच्या शेपटीचं चाक ओढून चक्कीचं अख्खं डोकं पात्यांसकट फिरवायचं. थांबलेल्या पात्यांनाही अर्थ असतो. वरचं पातं माथ्यावर येण्याआधी थांबवलं तर आनंद, माथा ओलांडून थांबवलं तर शोक. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमहून निघालेलं एमएच १७ हे प्रवासी विमान युक्रेनवर पाडलं गेलं, तेव्हा चक्क्यांची पाती शोकाच्या जागी थांबवली होती.

आत जायचं तर ‘दे झूकर’ नावाच्या चक्कीत. तिथे तेल निघतं. आपल्या घाण्यात लाट फिरते, इथे दोन अवजड दगड चाकांसारखे उभे राहून जवसावरून फिरतात. चिरडलेलं पीठ चुलीवर ढवळत गरम करतात, म्हणजे तेल सैल होतं. मग ते लोकरीच्या पिशव्यांत भरून दाबयंत्रात ठेवायचं आणि पाचरीवर वरून लाकडी ठोकळा आदळत राहायचा. प्रत्येक ठोक्याला जमीन पायाखाली हलते. तेल येतं मात्र बारीक धारेने. मागे उरते ती पेंड, आणि ती गुरांनाच जाते. जवसाची चटणी खाऊन वाढलेल्या नाकाला हा वास ओळखीचा आहे. या तेलाने तिकडे चित्रांचे रंग कालवले, आपण भाकरीशी खाल्लं. कोणी जास्त शहाणपण केलं, कोण जाणे.

जिने उभे आहेत. उतरताना तोंड जिन्याकडे ठेवून उलटं उतरावं आणि पाठीवरची पिशवी खालीच सोडावी. सैल ओढणी, मफलर दातेरी चाकांपासून लांब. ती चाकंही लाकडाची, पण मान ओढायला तेवढी पुरतात.

आणि वारा पडलेलाच असेल तर? मग ‘दे हाउसमन’ या मस्टर्डच्या चक्कीतून एक बरणी घ्यावी आणि स्टेशन गाठावं. जहाज काही वाऱ्यासाठी थांबायचं नाही.