कास, ठोसेघर आणि लिंब : पहिला कॅमेरा घेण्याआधीचे तीन दिवस

माझ्या भाचीला पहिला कॅमेरा घ्यायचा होता, आणि त्याबरोबर कोणती लेन्स घ्यावी यावर महिनाभर घरात खल चालू होता. हा निर्णय दुकानात उभे राहून नीट होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मी तिला सुचवले की माझा जुना कॅमेरा आणि माझ्या तीन लेन्स घेऊन आधी तीन दिवस साताऱ्याला जाऊ, आणि जिच्यावाचून खरोखर अडेल तीच लेन्स विकत घेऊ. सप्टेंबरच्या मध्यावर, शनिवार-रविवार टाळून, आम्ही सांगलीहून निघालो. पिशवीत एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, सेन्सरचा निकॉनचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा), १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी), ५५-३०० मिमीची टेलिझूम (मिमीचा आकडा मोठा तितके दूरचे जवळ दिसते) आणि ३५ मिमी एफ/१.८ ही छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स होती (एफचा आकडा लहान तितके प्रकाशाचे छिद्र मोठे).

पहिल्या दिवशी सकाळी कासला गेलो. पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. ऑनलाइन नोंदणी आधीच केलेली बरी, आणि शक्यतो पहिल्याच वेळेची करावी, कारण दुपारनंतर पावसाचा भरवसा नसतो आणि गर्दीही वाढते. गाडीतून उतरताच पहिली अडचण उभी राहिली. वातानुकूलित गाडीत थंड झालेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत काढल्याबरोबर तिच्यावर वाफ धरली, आणि पुसली तरी ती पुन्हा धरत राहिली. अशा वेळी पुसत बसू नये. घाट चढतानाच गाडीतला एसी बंद करावा आणि उतरल्यावर कॅमेऱ्याची पिशवी वीसेक मिनिटे बंदच ठेवावी, म्हणजे आतली काच हळूहळू बाहेरच्या हवेइतकी उबदार होते.

कासवर फुलांचे फोटो काढायचे म्हणजे किट लेन्स जवळ नेऊन काढायचे, असे भाचीने गृहीत धरले होते. त्या लेन्सचा फोकस सेन्सरपासून साधारण २८ सेंटिमीटरपर्यंत येतो, म्हणजे लेन्सच्या तोंडापुढे जेमतेम वीतभर जागा उरते. पठारावर आखलेली वाट सोडून पाऊल टाकायचे नसते, आणि ते योग्यच आहे, कारण जांभ्यावरचा मातीचा थर अतिशय पातळ आहे आणि एका बुटाखाली कितीतरी रोपे जातात. वाटेपासून हात-दीड हातावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पुंजका डोलत होता आणि तिची लेन्स तिथवर पोहोचत नव्हती. "मावशी, इथे तर काहीच जमत नाही," असे ती म्हणाली, तेव्हा मी तिला टेलिझूम लावायला सांगितली.

दूरचे पक्षी टिपायची म्हणून ओळखली जाणारी ही लेन्स ३०० मिमीवर १.४ मीटरपासून फोकस करते, आणि त्या अंतरावरून ती फूल जवळजवळ तेवढेच मोठे दाखवते जेवढे किट लेन्स वीतभरावरून दाखवते. चौकटीत वरपासून खालपर्यंत सुमारे सहा सेंटिमीटरचा भाग मावतो, म्हणजे दोन-तीन तुऱ्यांचा एक घोळका नेमका बसतो. शिवाय मागची फुले वितळल्यासारखी मऊ होतात आणि आपली सावली फुलावर पडत नाही. एकच नखाएवढे फूल चौकटभर हवे असेल तर मात्र १:१ प्रमाणाची, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढे उमटवणारी, मॅक्रो लेन्सच लागते, आणि तिला पुन्हा जवळ जावे लागत असल्याने ती वाटेच्या अगदी कडेच्या फुलांपुरतीच उपयोगाची ठरते. कासला पहिल्यांदा जाणाऱ्याने मॅक्रोवर पैसे घालवू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

टेलिझूमने फूल काढताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एफ/८ छिद्र ठेवले तरी पाच-सहा मिलिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो; म्हणून गुडघ्यावर बसून कॅमेरा फुलाच्या उंचीला आणावा आणि फुलाच्या चेहऱ्याला समांतर धरावा. दुसरी गोष्ट वाऱ्याची. लेन्समधली कंप रोखणारी सोय आपल्या हाताची थरथर थांबवते, डोलणाऱ्या देठाची नाही; तेव्हा शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढू द्यावा. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. सोनकीच्या पिवळ्या फुलांवर ऊन आले की पाकळ्यांचा तपशील उडतो, तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप कमी करावा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). याउलट पठारावर धुके उतरले की कॅमेरा त्याला करडे करून टाकतो, तेव्हा एक स्टॉप वाढवावा.

दुसऱ्या दिवशी सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघरला गेलो. धबधबा दरीच्या पलीकडून पाहायचा असल्याने किट लेन्स पुरली. इथे खरा उपयोग लेन्सपुढे लावायच्या, चकाकी कापणाऱ्या पोलरायझर फिल्टरचा झाला, कारण ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी त्याने गेली आणि हिरवा रंग खुलला. हा फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, त्यामुळे ढगाळ हवेत शटर आपोआप १/४ सेकंदापर्यंत उतरून पाण्याची रेशमी धार येते. कॅमेरा कठड्यावर घट्ट टेकवावा किंवा तिपाई न्यावी. फिल्टर सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्यावा आणि लहान लेन्सला जोडकडी लावावी, म्हणजे दोनदा खर्च होत नाही.

तिसऱ्या दिवशी परतीआधी उत्तरेला महामार्गालगतच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर पाहिली. अठराव्या शतकातली ही दगडी विहीर अष्टकोनी असून तिच्या पोटात महाल आहे. आतल्या कमानीतून खाली पाण्याकडे पाहताना किट लेन्सने शटर १/१० दाखवले आणि फोटो हलले. ३५ मिमी प्राइम लावून छिद्र एफ/१.८ केल्यावर त्याच आयएसओवर १/४० मिळाले, कारण एफ/३.५ पेक्षा ती सुमारे चौपट प्रकाश आत घेते. बाजारात नवशिक्याला सहसा ५० मिमी एफ/१.८ सुचवतात. ती स्वस्त आणि उत्तम आहे, पण एपीएस-सी सेन्सरवर तिचा कोन ७५ मिमीसारखा अरुंद होतो आणि विहिरीत किंवा वाड्यात मागे सरकायला जागा नसते. शिवाय निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुन्या पद्धतीची ५० मिमी लेन्स त्यांच्यावर हातानेच फिरवावी लागते. सेकंडहँड घेताना हे आधी विचारावे.

सेकंडहँडचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगते. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी अशीच एक लेन्स घाईने घेतली आणि घरी आल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. तेव्हापासून मी छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहून मगच पैसे देते. साताऱ्याच्या पावसाळी हवेतून आलेले सामानही तसेच पिशवीत ठेवू नये. कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

घरी आल्यावर आम्ही ठेवण्याजोगे फोटो लेन्सच्या मिमीप्रमाणे लावले. कासचे बहुतेक सगळे २०० च्या पुढचे निघाले, लिंबचे ३५ चे, आणि ज्या अतिरुंद (दृश्याचा खूप मोठा भाग टिपणाऱ्या) लेन्ससाठी भाची हट्ट धरून होती तिची उणीव एकाच ठिकाणी, ठोसेघरच्या दरीत, जाणवली होती. फुलफ्रेम, म्हणजे त्याहून मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याचा विचार तिने वजनामुळे सोडून दिला आणि एपीएस-सी मिररलेस (बिनआरशाचा कॅमेरा), त्याच्या दोन किट झूम आणि एक जादा बॅटरी एवढेच घेतले. प्राइम लेन्स ती दिवाळीनंतर घेणार आहे. तोवर माझी ३५ मिमी तिच्या कॅमेऱ्यावर ॲडॅप्टर लावून चालते.