नागपुरी उन्हाळ्यासाठी हेल्मेट: शोध कुठवर आला

जुन्या हेल्मेटला या उन्हाळ्यात पाच वर्षं होतात. गालाच्या गाद्या बसल्यात, मान वळवली की हेल्मेट किंचित मागाहून वळतं. म्हणजे नवं घ्यायचं हे ठरलेलंच. यंदा फक्त एवढं केलं की निवड भर उन्हाळ्यात करायची आणि दुकानातल्या एसीत ‘हवा मस्त लागते’ हे ऐकून नाही, तर मित्रांची हेल्मेटं मागून, रस्त्यावर डोक्यात घालून. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, पुढे काच लावलेली नाही. हे आधीच सांगतो, कारण ज्यांच्या गाडीला उंच विंडशील्ड आहे त्यांना खालचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. विंडशील्डमागे कपाळाच्या व्हेंटपर्यंत (हवा आत घेणाऱ्या भोकापर्यंत) धड हवाच पोचत नाही, मग हेल्मेटला कितीही भोकं असोत.

मार्च

सुरुवात नागपुरात सीताबर्डीवरच्या दुकानांपासून. पहिली चाळणी सोपी: आयएसआय शिक्का नसेल तर हातात घ्यायचं नाही. १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या भारतीय मानकाप्रमाणे नसलेलं दुचाकीचं हेल्मेट आपल्याकडे बनवायलाही बंदी आहे आणि विकायलाही. तरी फूटपाथवर काय विकलं जातं ते आपण सगळे बघतोच. त्या आदेशामागची गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या सांगण्यावरून एक समिती नेमली गेली होती, एम्सचे डॉक्टरही तिच्यात होते. भारतातल्या हवामानाला झेपतील अशी हलकी हेल्मेटं हवीत, अशी शिफारस तिने मार्च २०१८ मध्ये केली. म्हणजे उकाड्यामुळे लोक हेल्मेट घालत नाहीत ही तक्रार दिल्लीपर्यंत पोचली होती.

आयएसआयच्या जोडीला ईसीई २२.०६ हे युरोपातलं हेल्मेटचं मानक असेल तर मला जास्त बरं वाटतं. आधीच्या २२.०५ च्या मानाने त्यात वेगवेगळ्या वेगांचे आघात आणि तिरप्या धडकेत डोकं फिरण्याची चाचणी, हे दोन्ही आलं. पण पैसे वाढतात, आणि माझं बजेट आठ हजारांच्या आत आहे.

दुसरी चाळणी टॉर्चची. हिची शिफारस मी सगळ्यांना करतो. हेल्मेट उलटं धरायचं, आतली कापडी गादी बटणं काढून बाहेर घ्यायची (नीट विचारलं तर दुकानदार काढू देतो), बाहेरचा व्हेंट उघडायचा आणि मोबाइलचा टॉर्च बाहेरून त्यावर टेकवायचा. आत थर्माकोलमध्ये उजेडाचा ठिपका दिसला, तर भोक आरपार आहे. मग बघायचं की त्या भोकापासून मागच्या एक्झॉस्टपर्यंत, म्हणजे हवा बाहेर पडायच्या भोकापर्यंत, थर्माकोलमध्ये पन्हळ कोरलेली आहे का. आणि शेवटी गादी परत लावून बघायचं की कापडाची जाळी त्या भोकासमोरच येते, की नेमका तिथेच फोमचा जाड पट्टा बसतो.

एका हेल्मेटला बाहेरून सहा व्हेंट, सरकणारी बटणं, खट्‌खट् आवाज, सगळा थाट. टॉर्च लावला तर कपाळाचे दोन्ही आंधळे! बटण सरकायचं, त्याखाली कवच सलग. दुकानदार म्हणाला, ‘टॉर्च कायले मारून रायले भाऊ, हवा मस्त लागते याच्यात.’ दुसऱ्यात भोकं होती, पन्हळ होती, पण गादीच्या शिवणीने ती अर्धी झाकलेली. हे असं नाव वाचून कळत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक निघाला.

आतल्या काळ्या सन-व्हायझरबद्दल माझं मत बदललंय. सोयीचा आहे, वाद नाही. पण तो वर सरकून बसायला जागा लागते, आणि ती जागा कपाळावर, नेमक्या हवेच्या वाटेत असते. टॉर्च लावलेल्यांत ज्यांना सन-व्हायझर होता त्यांच्या कपाळाच्या पन्हळी उथळ निघाल्या. म्हणून मी साधी पारदर्शक काच आणि वेगळा गॉगल यावर आलो. गॉगल घालून, सरळ काड्यांचा, हेल्मेटमध्ये घुसतो का तेही दुकानातच बघायचं.

एप्रिल

इथून खरी गंमत. नागपूर-अमरावती जुन्या रस्त्याने जाणं-येणं सुरू होतं (समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे कोंढाळी-तळेगाव हीच वाट). मित्राचं मोटोक्रॉस पद्धतीचं हेल्मेट घेतलं: वर टोपीसारखी झाप, हनुवटीला मोठी जाळी, काच नाही, गॉगल वेगळा, आणि चोहोबाजूंनी भोकं जी बंदच होत नाहीत. कागदावर बघितलं तर उन्हाळ्यासाठी याहून चांगलं काही नाही.

सकाळी साडेसातला निघालो तेव्हा खरंच सुख. डोक्यातून वारा वाहतोय हे जाणवत होतं. परतताना दुपार झाली, पारा ४३ च्या वर, आणि तेच हेल्मेट नकोसं झालं. ओठ फुटले, टाळू कोरडी ठणठणीत, बाजारगावच्या आधीच पाण्याची बाटली संपली. त्याच आठवड्यात माझं जुनं, बंद काचेचं फुलफेस (हनुवटीसकट सगळा चेहरा झाकणारं) घालून तीच वाट त्याच वेळेला केली तर त्रास कमी.

कारण साधं आहे. आपल्या कातडीचं तापमान ३५ च्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ ची असेल तर तोच वारा उष्णता आणून घालतो. तेव्हा थंडावा देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे घाम वाळणं. आणि कोरड्या लूमध्ये, म्हणजे दुपारच्या तापलेल्या वाऱ्यात, घाम इतका झटकन वाळतो की कातडीला त्याचा पुरता उपयोग होण्याआधीच उडून जातो, शरीर मागे पाणी पुरवत राहतं. म्हणजे विदर्भाच्या दुपारी जास्त हवा हा गुण राहत नाही. हवा हवीच, पण मोजून, आणि ओल्या कापडावरून आलेली.

घराघरातला कूलर हेच करतो, म्हणून नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत त्याची नुसती दमट पेटी होते. आकड्यांत सांगायचं तर हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओलं फडकं साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. वीस अंशांचा फायदा, फुकटात.

त्यामुळे एप्रिलभर प्रयोग ओल्या टोपीचा. पातळ सुती बॅलाक्लाव्हा (डोकं, मान झाकणारी, चेहऱ्यापुरती उघडी टोपी), निघताना नळाखाली धरायची, पिळायची ती पाणी निथळणं थांबेल एवढीच. वरून फुलफेस, काच पूर्ण बंद, हनुवटीचा व्हेंट उघडा, कपाळाचा अर्धा, मागचा एक्झॉस्ट पूर्ण उघडा. पहिली दहा मिनिटं अक्षरशः गार. मोटोक्रॉसच्या खाली तीच टोपी शहर संपायच्या आत कडक वाळली होती. बंद काचेखाली मात्र कोंढाळीला भिजवलेली कारंजा घाडगेपर्यंत ओली राहते. तिथे ताक घ्यायचं, टोपी पुन्हा भिजवायची.

इथे कापड महत्त्वाचं. पॉलिएस्टरची ‘कूल’ टोपी पाणी धरत नाही, लवकर कोरडी होते. आपल्या दुपारला जुनी सुती बरी. पण जाड नको. आपल्याकडे दुपट्टा डोक्याला गुंडाळून वरून हेल्मेट दाबायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. मागे जी गाठ येते तिच्यावर हेल्मेट टेकतं, कपाळाकडून उचललं जातं आणि धडकेच्या वेळी नीट जागेवर राहण्याची खात्री उरत नाही. उलट, हेल्मेटचा साइझ बघताना जी टोपी घालणार तीच घालून बघायची. शिंप्याच्या टेपने भुवयांच्या वर, डोक्याचा सगळ्यात मोठा घेर मोजायचा. त्या आकड्याने फक्त सुरुवात होते. दुकानात किमान वीस मिनिटं हेल्मेट डोक्यात ठेवून बसायचं. कपाळाच्या मधोमध एकाच जागी दुखायला लागलं तर कवचाचा आकार तुमच्या डोक्याचा नाही, गादी बदलून ते सुटत नाही. गाल मात्र सुरुवातीला आवळलेलेच हवेत, ते सैल होतात.

रंगाचं लोक खूप बोलतात. चालत्या गाडीवर पांढऱ्या-काळ्याचा फरक मला फार जाणवला नाही, कारण कवच आणि डोकं यांच्यामध्ये थर्माकोल आहे, आणि थर्माकोल उष्णता अडवतोच. फरक पडतो तो गाडी उभी असताना. रामटेकला गाडी उभी करून आलो तेव्हा मित्राच्या मॅट काळ्या हेल्मेटला हात लावून ठेववेना, माझं पांढरं नुसतं कोमट. गरम कवच डोक्यात घातलं की पुढचा बराच वेळ ते आतच तापत राहतं. म्हणून पांढरं किंवा फिकट, तेही गुळगुळीत. मॅटवर घामाचे आणि सनस्क्रीनचे डाग पक्के बसतात ते वेगळंच. आणि रंग कोणताही असो, हेल्मेट उन्हात टाकीवर किंवा आरशावर टांगून ठेवू नका. आरशाचं टोक आतल्या थर्माकोलमध्ये खळगा पाडतं, आणि तो खळगा परत भरून येत नाही.

मे

मेव्हणे चिपळूणला असतात. रेल्वेने गेलो, गाडी त्यांची, हेल्मेटं माझी. एक फुलफेस, आणि मुद्दाम मागून नेलेलं ते मोटोक्रॉस. मेव्हण्यांनी दोन हेल्मेटं बघून विचारलं, ‘एक बहिणीला आणलंत का?’

चिपळूण-गुहागर रस्त्यावर सगळं उलटं झालं. पारा ३४, आपल्या हिशेबाने थंडीच. पण आर्द्रता सत्तरीत. ओल्या टोपीने पाचव्या मिनिटाला डोकं शिजल्यासारखं झालं. ती वाळतच नव्हती, नुसती चिकटून बसली. गणित पुन्हा तेच: ३४ अंश आणि ७० टक्क्यांत ओलं फडकं जेमतेम २९ पर्यंत उतरतं. हवा दहा अंशांनी थंड, पण फडकं नागपूरपेक्षा सहा अंशांनी गरम! इथे हवा कातडीपेक्षा थोडी तरी थंड आहे, मग जितकी मिळेल तितकी हवीच. मोटोक्रॉसचं हेल्मेट इथे राजा ठरलं. पॉलिएस्टरची टोपी, सगळे व्हेंट उघडे, आणि घाटातल्या संथ वेगातही तोंडासमोर मोकळी जागा. फुलफेस घातलं तेव्हा काच एक खाच वर ठेवून चालवावं लागलं.

त्यामुळे ‘उन्हाळ्यासाठी कोणतं हेल्मेट’ असं कोणी विचारलं, तर मी आधी विचारतो की कुठला उन्हाळा. किनारपट्टीवरच्या माणसाला मी भोकांचं, मोठ्या जाळीचं, वाळणाऱ्या गादीचं सांगेन. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्याला व्हेंट बंद करता येणारं. दोन्हीकडे फिरणाऱ्याला बंद-उघड होणारे व्हेंट हाच मार्ग, कारण बंद होणारा व्हेंट उघडता येतो, कायम उघडा असलेला बंद करता येत नाही. टेप लावून बघितलं, तळेगावपर्यंतही टिकला नाही.

अर्ध्या हेल्मेटाबद्दल दोनदा विचारणा झाली. हनुवटी उघडी ठेवून मला चालवायचं नाही, आणि वरचं सगळं वाचलं तर कळेल की दुपारच्या लूमध्ये त्याने थंडावाही मिळत नाही. फ्लिप-अप मात्र मला आवडलं. चौकात उभं राहिल्यावर हनुवटी वर करता येते, कारण सिग्नलला कुठलाच व्हेंट काम करत नाही, चौकात सावलीसाठी डोक्यावर हिरवी जाळी बांधलेली असली तरी. वजन तेवढं जास्त, आणि माझ्या मानेला ते दोन तासांनी कळतं.

जूनच्या तोंडावर

निवड झाली. पांढरं फुलफेस, वजन साडेचौदाशे ग्रॅमच्या आसपास, सन-व्हायझर नाही, हनुवटी आणि कपाळाचे व्हेंट वेगवेगळे बंद होतात, टॉर्च चारही ठिकाणी आरपार. पट्ट्याला डबल डी-रिंग, म्हणजे पट्टा ओवून आवळायच्या दोन कड्या. गादी पूर्ण सुटी होते, आणि त्याच मॉडेलची गादी वेगळी विकत मिळते, यावर मी दुकानदाराकडून दोनदा खात्री करून घेतली. कारण उन्हाळ्यात आठवड्यातच गालाच्या गादीवर पांढरी मिठाची रेघ उमटते, आणि तिथेच कातडी सोलवटते. लहान मुलांच्या शाम्पूने, साध्या पाण्यात, हाताने धुवायची, सावलीत वाळवायची. दोन संच असले की एक दोरीवर, एक डोक्यात.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, यातच काढला. पहाटे निघून अकराच्या आत मुक्काम, हा नियम कोणत्याही हेल्मेटने बदलत नाही. दुपारी अडकलोच तर ओली टोपी आणि बंद काच. गरगरलं किंवा घाम यायचाच थांबला तर झाडाखाली थांबून हेल्मेट आधी काढायचं, फोटो मग.

एक त्रास राहिलाय. कपाळाचा व्हेंट पूर्ण उघडला की ऐंशीच्या पुढे शिट्टी वाजते. इयरप्लगने भागतंय. बटण पाऊण सरकवलं की आवाज जातो, पण ते तिथे टिकत नाही, हळूहळू मागे घसरतं. खाचेत पातळ रबराचा तुकडा बसवून बघणार आहे. दुसऱ्या गादीची ऑर्डर दिलीय. काचेला आतून पिनलॉकच्या (काचेवर वाफ धरू न देणाऱ्या फिल्मच्या) खुंट्या आहेत, फिल्म अजून घेतलेली नाही. पाऊस लागायच्या आत ती आणायची आहे, कुणाकडे या मापाची वापरलेली, ओरखडे नसलेली असेल तर सांगा.