तीन किलो तांदूळ

मुलीचं लग्न ठरलं की बाप एकाएकी तांदूळ बघायला लागतो. भर दुपारी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात पोत्यात हात घालून, मूठभर दाणे तळहातावर पसरून कणी शोधणारा पन्नाशीपुढचा गृहस्थ दिसला, तर तो घरच्या भातासाठी आलेला नाही एवढं ओळखावं. साड्या, मेंदीवाली, स्टेजची फुलं, यातलं काहीच त्याला विचारून ठरलेलं नसतं. अक्षता मात्र त्याच्या.

त्यांचंही शास्त्र आहे. तीनशे माणसांना प्रत्येकी दहा ग्रॅम धरले तरी तीन किलो होतात. तांदूळ आधी चाळायचा, तुकडा चालत नाही. मग किलोला चमचाभर तूप तळहाताला लावून दाण्यांवर चोळायचं आणि वर दोन चमचे कुंकू. घाईत लोक ते पाण्यात कालवतात. मग दाणे ओले राहतात आणि पुडीत गोळा होतो. तूप जास्त झालं तर कागद तेलकट. कुंकू हलकं निघालं तर वरमाईच्या पैठणीवर ठिपके उमटतात, आणि तो विषय दोन्ही घरांना पुढची वीस वर्षं पुरतो. चोळलेले तांदूळ रात्रभर वर्तमानपत्रावर पसरून ठेवावेत, पंखा बंद करून.

खरं तर पुड्या करूच नयेत. पहिल्याच ‘सावधान’ला लोक अख्खी पुडी रिकामी करतात आणि उरलेल्या मंगलाष्टकांना नुसते हात हलवतात. दोन चुणचुणीत भाचे तबक घेऊन फिरते ठेवावेत. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर त्या तांदळावरून म्हातारी माणसं घसरतात, म्हणून जेवणाकडे गर्दी वळण्याआधी झाडू फिरवणारा माणूस आधीच बोलून ठेवावा.

मंगलाष्टकं किती, हा आकडाही गुरुजींना आदल्या दिवशी द्यावा. दोन्हीकडच्या आत्या-मावश्या सगळ्यांची नावं गुंफून घरीच रचून आणतात. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा असला तर शेवटच्या आत्याला मध्येच थांबवावं लागतं, आणि आत्या थांबत नाही. हॉल घोडबंदर रोडला असेल तर वऱ्हाडाच्या बसला तासभर जास्तीचा धरावा. माजिवड्याच्या गर्दीला मुहूर्त कळत नाही.

घरात सगळे म्हणतात, जरा बसा आता. तो बसत नाही. पानं, बर्फ, पार्किंग, नारळ, सगळी यादी शर्टाच्या खिशात. कन्यादानाच्या संकल्पासाठी दोन्हीकडची गोत्रं आणि तीन-तीन पिढ्यांची नावंही त्याच यादीच्या मागे लिहिलेली असतात: अमक्यांची प्रपौत्री, तमक्यांची पौत्री. लिहिलेली बरी. माइक चालू असताना स्वतःच्या आजोबांचं नाव विसरून छताकडे बघणारे वधूपिते प्रत्येक गुरुजींनी पाहिलेले असतात.

फक्त सोवळ्याला खिसा नसतो. कागद मुलीच्या मामाकडे द्यावा लागतो. फोनही. तेवढा अर्धा तास केटररने कितीही हाका मारल्या तरी पानं किती, हे त्याला कोणी विचारू शकत नाही.